आचारी, आचार्य आणि पाच प्रश्नचिन्हे

एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीची दुरुस्ती करण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडले, तेव्हा मला वाटले होते की हे फार तर आठवड्याभराचे, कारकुनी वळणाचे, पोटापाण्याच्या धंद्यात रोज उरकाव्या लागणाऱ्या पन्नास कामांसारखेच एक काम आहे. ते पुरे होता होता मला मीमांसकांची आणि नैयायिकांची दारे ठोठवावी लागतील असे कोणी त्या वेळी सांगितले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते. सूची संगणकावर होती. ग्रंथपालांना सर्वजण नाना म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी मला पडद्यासमोर बसवले आणि म्हणाले, "हा पाहा आमचा मराठी विभाग." 'मराठी' या शब्दाच्या जागी तिथे जे उमटले होते ते असे: डोक्यावर तिरपी काडी मिरवणारा रोमन लिपीतला एक 'ए', त्याच्यामागे जगातील कोणत्याही टांकसाळीशी नाते नसलेले सर्वसामान्य चलनाचे चिन्ह, आणि त्यामागे व्यापारी नोंदणीची मुद्रा, पुन्हा तोच 'ए', तेच चलन आणि तापमानाच्या अंशाचे इवलेसे वर्तुळ, पुन्हा तीच जोडी आणि पाऊण हा अपूर्णांक, पुन्हा तीच जोडी आणि पुढे नुसती रिकामी जागा, आणि शेवटी तोच 'ए', जपानचा येन व युरोपचा युरो. "आमच्या मराठीला एवढा भाव आलेला आम्हांला ठाऊक नव्हता," नाना म्हणाले.

संगणकाच्या पोटात अक्षर नसते, अंक असतो. अक्षर ही आपण त्या अंकावर चढवलेली उपाधी. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते: 'म' म्हणजे २२४, १६४, १७४, 'र' म्हणजे २२४, १६४, १७६, काना म्हणजे २२४, १६४, १९०, 'ठ' म्हणजे २२४, १६४, १६०, आणि दीर्घ वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेल्या, लॅटिन-१ या नावाने चालणाऱ्या (आणि वस्तुतः विंडोजने वाढवून घेतलेल्या) जुन्या कोष्टकात मात्र एक बाइट म्हणजे एक अक्षर असा सरळ हिशेब आहे, आणि त्या कोष्टकावर विसंबून वाचणारा सर्व्हर तीन-तीनांचे गट न करता एकेक बाइट सुटा उचलतो. मग २२४ म्हणजे तो काडीवाला 'ए', १६४ म्हणजे ते बेवारस चलन, १६५ म्हणजे येन. 'ठ'चा तिसरा बाइट १६०, आणि त्या कोष्टकात १६०व्या घरी एक मोकळी जागा मांडून ठेवलेली आहे. त्यामुळे आपल्या भाषेचे नाव उच्चारताना जीभ ज्या वर्णाशी ठासून आदळते, नेमका तोच वर्ण पडद्यावर पोकळी होऊन बसला होता.

मी ते पंधरा अंक कागदावर लिहून नानांपुढे ठेवले आणि म्हणालो, "नाना, तुमचे एकही अक्षर हरवलेले नाही. पंधराच्या पंधरा बाइट जागच्या जागी आहेत."

"मग दिसत का नाहीत?"

प्रश्न साधा होता. पण भारतीय दर्शनांतील एक अख्खे प्रकरण या प्रश्नावर उभे आहे. शिंपली पाहून रुपे भासते, दोरी पाहून साप भासतो, हा अनुभव सर्वांचा एकच. मात्र तो भास नेमका कशाचा, याविषयी आपल्या दर्शनकारांनी जितक्या कडाक्याने भांडणे केली तितकी क्वचितच दुसऱ्या कशासाठी केली असतील. नैयायिक म्हणतात, एक वस्तू दुसरीच्या रूपाने ग्रहण केली जाते, ही अन्यथाख्याती. अद्वैती म्हणतात, तिथे दिसणारे रुपे धड सत् नव्हे, धड असत् नव्हे, ते अनिर्वचनीय होय. आणि मीमांसकांतला प्रभाकर या सगळ्यांना बाजूला सारून असे एक धाडसी विधान करतो की अयथार्थ ज्ञान असे काही नसतेच: 'हे' म्हणून जे समोर दिसले ते खरे, 'रुपे' म्हणून जे आठवले तेही खरे, दिसणे आणि आठवणे ही दोन निरनिराळी ज्ञाने आहेत, हा भेद तेवढा ध्यानात आला नाही. विद्यार्थिदशेत हे मत मला वकिली थाटाचे वाटे. नानांच्या पडद्यासमोर बसल्यावर ते मला प्रथमच पटले. बाइट खरे होते. कोष्टकही खरे होते, कारण १६४ या घरी त्यात चलनचिन्हच आहे आणि सर्व्हरने पदरचे काहीही घातलेले नव्हते. खोट एवढीच की हे बाइट एका संकेताचे आणि हे कोष्टक दुसऱ्या संकेताचे, याची कोणाला आठवण राहिली नव्हती. अपराधी शोधायला निघालेल्या माणसाला इथे प्रत्येक साक्षीदार सत्यच बोलताना आढळतो, आणि चौकशीच्या कामात याहून अवघड प्रसंग नाही.

खरी चमत्कारिक गोष्ट याच्याही पुढची. नानांच्या म्हणण्याप्रमाणे हीच सूची मागली कित्येक वर्षे अगदी बिनचूक दिसत होती, आणि त्यांच्या म्हणण्यात अतिशयोक्ती नव्हती. जुना प्रोग्राम यूटीएफ-८चे बाइट सर्व्हरकडे पाठवी आणि हा मजकूर लॅटिन आहे असे सांगे. सर्व्हर तो लॅटिन म्हणून ठेवून घेई, लॅटिन म्हणूनच परत करी, आणि तो प्रोग्राम परत आलेले बाइट निमूटपणे देवनागरी म्हणून पडद्यावर मांडी. जाताना एक असत्य, येताना तेच असत्य. दोहोंनी एकमेकांची पाठराखण केली आणि वाचकाला रोज शुद्ध मराठी दिसत राहिले. पुढे नवा प्रोग्राम आला. तो प्रामाणिक होता. सर्व्हरशी बोलणे सुरू करताच त्याने आपला संकेत घोषित केला, की मी यूटीएफ-८ बोलतो, मला उत्तरेही त्यातच द्यावीत. आणि इमानी दुभाष्याप्रमाणे सर्व्हरने आपल्याजवळची, त्याच्या समजुतीप्रमाणे लॅटिन असलेली, अक्षरे काळजीपूर्वक भाषांतरित करून त्याच्या हाती दिली. सत्य बोलणारा घरात आला आणि वर्षानुवर्षांचा संसार एका दुपारी मोडला.

शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाचे विवेचन करताना असे प्रतिपादन करतात की सगळा लौकिक आणि वैदिक व्यवहार, प्रमाणप्रमेयाची सगळी देवघेव, अविद्येला पुढे घालूनच चालते. हे विधान मी अनेकदा वाचले होते आणि प्रत्येक वेळी मनात म्हणालो होतो, की ज्याचा पायाच खोटा तो व्यवहार इतका सुरळीत कसा चालेल? उत्तर नानांच्या सूचीत होते. अज्ञान सर्वांचे समान असले, आणि घेताना व देताना सारख्याच मापाने वापरले गेले, तर व्यवहाराला त्यावाचून काही अडत नाही. अडते ते ज्ञान एकाच्याच घरी उगवल्यावर. ज्ञानी पुरुषाचे संसारात जे हाल होतात त्यांचे एक कारण हेही असावे.

तरीही या अवस्थेपर्यंत नुकसान असे काही झालेले नसते, आणि ही गोष्ट मी नानांना पुनःपुन्हा सांगत होतो. पेशवे दप्तरातला मोडीचा रुमाल मोडी न येणाऱ्यासमोर सोडला, तर त्याला ओळीवरून लोंबणारी वेलबुट्टी दिसेल. म्हणून तो कागद खराब झाला असे कोणी म्हणत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले आणि शतकानुशतके ते पंथाबाहेरच्यांना निरर्थक दिसत राहिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचे कोडे उलगडले, तेव्हा त्या पोथ्यांतला एक कानादेखील बदलावा लागला नाही. वाचण्यातला भ्रम वस्तूला शिवत नाही. दोरीला साप समजल्याने दोरीला विष चढत नाही.

पण साप समजून कोणी काठी घातली तर?

ज्या मंडळींकडे सूचीच्या देखभालीचे कंत्राट होते त्यांनी माझ्या आधी नेमके तेच केले होते. पडद्यावर घाण दिसते आहे, तेव्हा ती यूटीएफ-८मध्ये रूपांतरित करून टाकू, असा सद्हेतू धरून त्यांनी सूचीच्या एका भागावर रूपांतराचा हुकूम सोडला. सर्व्हरने काडीवाला 'ए' हा खरोखरीच काडीवाला 'ए' आहे असे धरले आणि त्याचे यूटीएफ-८मधील दोन बाइट लिहिले, चलनाचे दोन लिहिले, युरोचे तीन लिहिले. 'मराठी'चे पंधरा बाइट होते ते एकतीस झाले. पूर्वी जो भास होता तो आता दप्तरी दाखल झालेले वास्तव होता. शीर्षकाचा रकाना ठराविक अक्षरांचा, आणि एका अक्षराची आता तीन अक्षरे झालेली. लांब नावांच्या शेपट्या रकान्यात न मावल्यामुळे जागच्या जागी कापल्या गेल्या. प्रभाकराची साथ मला इथे सोडावी लागली. नैयायिकांचा त्याच्यावर जुना आक्षेप असा, की भेद न कळणे हा नुसता अभाव आहे, आणि नुसत्या अभावाने कोणी रुपे उचलायला खाली वाकत नाही; माणूस वाकतो तो 'हे रुपे आहे' अशा ठाम, भावरूप, चुकीच्या निश्चयाने. सर्व्हर वाकला होता. त्याच्या वाकण्याचे सोळा जादा बाइट माझ्यासमोर होते.

नारायणराव पेशव्यांच्या वधाची १७७३ सालची जी आख्यायिका आपण 'ध'चा 'मा' या शब्दांत सांगतो, तिच्यातही मला हाच भेद दिसतो. पत्र वाचणाऱ्या गारद्यांनी चूक केली असे आख्यायिका म्हणत नाही. त्यांनी कागदावर होते तेच वाचले. धरावे याचे मारावे झाले ते वाचण्याच्या आधी, लेखणीने. वाचणारा चुकला असता तर पत्र दुसऱ्याला दाखवून खातरजमा करता आली असती. लिहिणाराच फिरल्यावर रुजुवात घालायची कशाशी?

जिथे काठी पडलेली नव्हती त्या भागापुरता या रोगावरचा उपाय धंद्यातील जाणत्यांना ठाऊक आहे आणि तो दिसायला उलटा आहे. बिघडलेल्या रकान्याला थेट 'तू यूटीएफ-८ हो' म्हणायचे नाही. आधी त्याला सांगायचे, की तू अक्षरांचा रकानाच नव्हेस. तू केवळ बाइटांची रास आहेस, तुला लिपी नाही, भाषा नाही, क्रम नाही. हे झाल्यावर, म्हणजे चढवलेली खोटी उपाधी पुरती उतरल्यावर, दुसऱ्या हुकुमाने त्याला सांगायचे, की तुझ्यातील बाइट यूटीएफ-८चे आहेत. दोन्ही हुकुमांत एकही बाइट बदलत नाही; बदलते ती फक्त त्यांच्याविषयीची समजूत. न्यायशास्त्रात प्रत्यक्षाचे दोन टप्पे सांगितले आहेत: आधी निर्विकल्पक, ज्यात वस्तू दिसते पण तिला नाव, जाती, विशेषण काही जोडलेले नसते, मग सविकल्पक, ज्यात 'हा घट' असा निश्चय होतो. निर्विकल्पक ज्ञान कोणाला कधी प्रत्यक्ष अनुभवता येते का, यावर पुष्कळ वाद आहे. मला ते एकदा आले, एका डेटाबेसात, सुमारे चार सेकंद.

(जाता जाता एक गोष्ट. याच सूचीत आणखी जुन्या काळच्या काही नोंदी होत्या, युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या, जेव्हा मराठी फॉण्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे चितारून बसवलेले असत. तिथे बाइट इंग्रजीचे आणि रूप मराठीचे. नानांच्या मुख्य सूचीत नाम खरे आणि रूप खोटे होते. या नोंदींत रूप खरे आणि नाम खोटे. फॉण्ट काढून घेताच मराठीचा मागमूसही उरत नसे. नामरूपाचा हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो दिसायला निर्दोष असतो.)

अक्षरे परत आली. नाना प्रसन्न झाले, आणि दुसऱ्याच दिवशी अप्रसन्न झाले. "ज्ञानेश्वरी कुठे गेली?" ज्ञानेश्वरी 'ज'मध्ये होती, 'जो'च्या पुढे, सगळ्या 'ज'च्या रांगेच्या तळाशी, कारण युनिकोडच्या लेखी 'ज्ञ' नावाचे अक्षरच नाही, 'ज', हलन्त आणि 'ञ' अशी तिघांची एक मांडणी आहे. शाळेच्या भिंतीवरच्या ज्या तक्त्यात 'ह'नंतर 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' असा शेवट आपण सुरात म्हटला, त्याची त्या अंकांच्या क्रमाला ओळख नाही. तिथे 'ळ' हा 'ल'च्या शेजारी राहतो आणि 'क्षमा' 'क'च्या गर्दीत उभी असते. दोन अक्षरांत आधी कोण, नंतर कोण, आणि मुळात ती दोन आहेत की एक, हे ठरवणाऱ्या शिरस्त्याला धंद्यात कोलेशन म्हणतात. ही सूची ज्यात होती तो मायएसक्यूएल हा डेटाबेस १९९५ साली स्वीडनमध्ये जन्मला, आणि २०१८ साली त्याची ८.० ही आवृत्ती येईपर्यंत, तुम्ही काही वेगळे सांगितले नाहीत तर तो लॅटिन अक्षरे आणि स्वीडिश क्रम गृहीत धरी. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या गावातील भक्तिवाङ्मय इतकी वर्षे स्वीडनच्या शिरस्त्याने रांगेत उभे होते. तो शिरस्ता मूर्खपणाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. दोन टिंबांचा 'यू' स्वीडिश माणूस 'वाय'पाशी बसवतो. जर्मन मनुष्य दोन टिंबांचा 'ए' शब्दकोशात साध्या 'ए'बरोबर धरतो आणि टेलिफोनच्या यादीत त्याचे 'ए' व 'ई' असे दोन करतो, आणि या दोन रिवाजांसाठी त्या डेटाबेसात दोन वेगळी कोलेशने आहेत. एकाच माणसाचे नाव कोशात एकीकडे आणि यादीत दुसरीकडे, दोन्ही खरी.

क्रमाचा प्रश्न मी तजवीज करून सोडवला. अभेदाचा प्रश्न तितका सहज सुटला नाही. नव्या आवृत्तीचे मूळचे कोलेशन लहान-मोठी लिपी आणि अक्षरांना लागणारी खालची-वरची चिन्हे यांतील भेद मानत नाही. मराठीला याने काय होणार, असे मी म्हणत होतो, तोच मला आपला 'ऱ' आठवला. 'तऱ्हा'तला, 'कुऱ्हाडी'तला हा 'ऱ' म्हणजे युनिकोडच्या मते 'र' आणि खाली नुक्ता. आणि नुक्ता हे चिन्ह दुय्यम. मी नानांसमोर एका रकान्यात 'आचार्यांना' असा शब्द घातला, त्या रकान्यात एक शब्द दोनदा येऊ नये असा निर्बंध घातला, आणि मग 'आचाऱ्यांना' घालायला गेलो. सर्व्हरने नकार दिला. ही नोंद आधीच आहे, असा त्याचा शेरा होता.

"म्हणजे आचारी आणि आचार्य एकच?" नाना म्हणाले, आणि थोडा विचार करून, "पंगतीच्या दिवशी मीही वेगळे म्हणणार नाही."

या विनोदात जितके तथ्य होते तितके पुष्कळ भाष्यांत नसते. अक्षरांतील भेद युनिकोडवाले तीन पायऱ्यांनी मोजतात: पहिली पायरी मूळ अक्षराची, दुसरी चिन्हांची, तिसरी लहान-मोठ्या लिपीची, आणि अमुक व्यवहारात कोणत्या पायरीपर्यंतचा भेद खरा मानायचा हे वापरणाऱ्याने ठरवायचे. पहिल्या पायरीवर थांबणारा अद्वैती म्हणावा, तर दुसऱ्या टोकाला बाइट-बाइट मोजणारे एक कोलेशन आहे, ते मध्वाचार्यांहूनही कडवे द्वैती: एका माणसाने 'ऱ' एका कळीने टंकला आणि दुसऱ्याने 'र' व नुक्ता अशा दोन कळींनी, तर डोळ्यांना तिळभर फरक न दिसणारे ते दोन शब्द त्याच्या दरबारी दोन परकी माणसे असतात. वापरायला सोपे व्हावे म्हणून आपण बहुधा मधले काहीतरी निवडतो, म्हणजे निंबार्कांच्या भेदाभेदाच्या जवळपास कुठेतरी. मीही चिन्हांचा भेद मानणारे कोलेशन निवडले आणि आचाऱ्याला त्याचे स्वतंत्र अस्तित्व मिळवून दिले. मात्र जुन्या नोंदींत हाच 'ऱ' 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडक अशा तिसऱ्याच रीतीने लिहिलेला निघाला, आणि अदृश्याला तर कोणत्याच पायरीवर वजन नसल्यामुळे तो आचारी पुन्हा आचार्यांत विलीन झाला. त्या नोंदी मला एकेक करून बदलाव्या लागल्या. मोडीच्या कारकुनाने ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांट्यांचा भेद केव्हाच सोडून दिला होता आणि त्याची जमाबंदी त्यावाचून अडली नाही. ग्रंथालयाची सूची अडली असती. अभेद खरा की भेद खरा हा वाद निकाली निघत नाही याचे कारण, माझ्या अल्प मतीप्रमाणे, हे असावे की कोणत्या कामासाठी, हा प्रश्न विचारायचा वादी विसरतात.

क्रम बदलल्याने होणारी हानी किती खोल जाते याचे एक उदाहरण दुसऱ्या एका डेटाबेसाच्या इतिहासात आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस अक्षरांचा क्रम पुष्कळदा ज्या संगणकावर चालतो त्याच्या व्यवस्थेकडून उसना घेतो. लिनक्समधील जीलिबसी या ग्रंथसंग्रहाच्या २०१८ सालच्या २.२८ या आवृत्तीत तो क्रम बदलला, आणि जुन्या क्रमाने रचलेले इंडेक्स नव्या क्रमाने चाळले जाऊ लागले. नोंद टेबलात होती, इंडेक्समध्येही होती. पण शोधणारा तिच्या घराच्या अलीकडच्याच वळणावर फिरून रिकाम्या हाताने परत येई आणि 'नाही' म्हणून सांगे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, न दिसण्यावरून नसणे कळते म्हणतात. पण त्यांनी त्याला 'योग्य' असे एक विशेषण लावून ठेवले आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे प्रमाण. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे होत नाही. आपण निरनिराळ्या कचेऱ्यांच्या खिडक्यांशी 'नोंद सापडत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरतो, तेव्हा हे एक विशेषण बरोबर घेऊन जायला हरकत नाही.

आता राहिला तो भाग, जिथे माझे काही चालले नाही. कंत्राटी मंडळींनी काही नोंदी मजकूर-संपादनाच्या एका प्रोग्राममधून उतरवून परत भरल्या होत्या, आणि त्या प्रोग्रामच्या विंडोज-कोष्टकात पाच घरे मुळातच रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. त्या घरांतले बाइट त्याने प्रश्नचिन्हे करून टाकले. १४१ हा हलन्ताचा तिसरा बाइट, १२९ हा ऱ्हस्व उकाराचा, 'झ'चा १५७, 'ए'चा १४३, आणि १४४ हा 'ऐ'चा, तसाच ॐचाही. सगळी जोडाक्षरे ज्याच्या बळावर उभी राहतात तो हलन्त आणि सगळ्या पोथ्यांचा आरंभ ज्याने होतो तो ॐ, दोघांनाही त्या कोष्टकात घर नाही. पण हे नुकसान भरून निघण्यासारखे होते. पहिले दोन बाइट शाबूत असल्यामुळे हरवलेला तिसरा पाचांपैकीच कोणी असणार. 'प'नंतर उकार की हलन्त एवढेच ठरवायचे, आणि पुढे 'स' आणि 'तक' दिसत असेल तर ते लहान मूलही ठरवील. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ आहे त्याअर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, असे अर्थापत्तीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. मी असे शेकडो देवदत्त चार दिवसांत जेवू घातले.

सुमारे दोनशे नोंदी मात्र निव्वळ प्रश्नचिन्हांच्या होत्या. कोणीतरी एकदा खरी देवनागरी लॅटिनच्या रकान्यात भरली होती. सर्व्हरला तिथे ती लिहिणे शक्य नव्हते, आणि ढिलाईने चालवलेल्या सर्व्हरने हरकत घेण्याऐवजी प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून काम संपवले होते. 'मराठी'च्या जागी पाच. इथे अद्वैतवेदान्ताचा आधार सुटतो. साप गेल्यावर खाली दोरी असते, हा त्या दृष्टान्ताचा प्राण. प्रश्नचिन्हाखाली काहीही नसते. बाइट पाहायला गेलो तर ६३, ६३, ६३, ६३, ६३. तो कशाचा भास नव्हे, कशावरचे आवरण नव्हे. ते खरेखुरे प्रश्नचिन्ह आहे. नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार केले, त्यांतला प्रध्वंसाभाव हा असा, की त्याला आरंभ आहे आणि अंत नाही. घडा फुटला की त्याचे नसणे सुरू होते, आणि ते कधीही संपत नाही. नवा घडा आणता येतो; तो घडा नाही.

नानांनी माळ्यावरून हस्तलिखित दाखल नोंदवही काढली. रुमालाची गाठ सोडली, धूळ झटकली, आणि दाखल क्रमांक वाचून एकेक शीर्षक ते सांगू लागले. मी ते टंकू लागलो. प्रश्नचिन्हे मोजून पाहिली की पडताळा मिळे, कारण अक्षरे गेली होती तरी त्यांची संख्या आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा तशाच होत्या. तीन संध्याकाळी असे चालले. तिसऱ्या संध्याकाळी एका पानाच्या कोपऱ्याला कसर लागलेली निघाली. दाखल क्रमांक होता, किंमत होती, सव्वा रुपया. शीर्षकाच्या जागी कागदच नव्हता. कपाटात त्या क्रमांकाचे पुस्तक नव्हते. पडद्यावर सात प्रश्नचिन्हे, एक मोकळी जागा, आणि पुढे तीन.

मी एकदोन नावे सुचवून पाहिली. सात आणि तीन जमत होते. नानांनी मान हलवली, खिशातली पेन्सिल काढली, कसरीच्या भोकाशेजारी, उरलेल्या कागदावर, बारीक हाताने सात टिंबे दिली, बोटभर जागा सोडली, तीन टिंबे दिली, आणि नोंदवही रुमालात बांधली.